चाळिसावं घर

१

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी जरा थांबते, कारण पुढे काय ऐकावं लागणार ते ठाऊक असतं. आम्ही मोबाइलवरचा एक खेळ तयार करतो. खेळणाऱ्याला एक रिकामी गल्ली मिळते आणि त्याने एकेक घर मिळवत ती भरायची. दर मोसमाला चाळीस नवी घरं. चाळीसही एकाच साच्यातली: उतरतं छप्पर, दोन खिडक्या, मधोमध दार. फरक फक्त रंगाचा, आणि तो रंग मी ठरवते. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे दिवसभर रंगपेटी घेऊन बसायचं? मजा आहे बुवा!"

मजा आहेच. पण त्यातही शिस्त असते. साध्या घरांचे रंग दमलेले ठेवायचे, विटकरी, मळका निळा, धुवून विरलेल्या गोणपाटाचा. ती घरं सगळ्यांना मिळतात, त्यांनी डोळ्यांत भरायचं नसतं. दुर्मिळ घराचा रंग असा हवा की गल्लीत ते लांबून ओळखू यावं. आणि सगळ्यांत शेवटी 'एकमेव' घर. मोसमात असं एकच, चाळिसावं, आणि तेही मोजक्यांनाच मिळतं. ते शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, या विचाराने माणसाला बेचैन व्हायला पाहिजे. प्रत्येक घराला चार छटा लागतात: भिंत, सावली, कड आणि उजेड. रंग ठरला की मी चित्र नखाएवढं लहान करून बघते, मग डोळे बारीक करून बघते, मग काच तडकलेला जुना फोन घेऊन खिडकीत उन्हात उभी राहते.

ही उन्हाची परीक्षा बाबांनी शिकवलेली. बाबा रंगारी होते. खरी घरं रंगवायचे, शिडी, बादली आणि डोक्याला बांधलेलं फडकं घेऊन. माझं काम त्यांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझाच धंदा. फक्त कपडे खराब होत नाहीत." आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. बाबा माझे पहिले परीक्षक. कुठलाही मोसम बाहेर जायच्या आधी त्याची चाचणीची आवृत्ती मी त्यांच्या फोनवर टाकते. ते खेळतात, आणि संध्याकाळी जेवताना एकेका घराची पिसं काढतात. "सतरा नंबरला कावीळ झालीय" असं म्हणाले की मी निमूटपणे सतरा नंबर बदलते. आजवर त्यांचा डोळा चुकलेला नव्हता.

२

या मोसमात चाळिसावं घर अडलं. मी दिलेले तीन रंग परत आले. आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना आम्ही त्यांच्या पाठीमागे 'थोरल्या बाई' म्हणतो. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "छान आहे, पण हे बघून माझा हात पुढे जात नाही गं."

त्याच आठवड्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवस पट्टी, थेंब, काळा चष्मा. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फोन बघायला परवानगी दिली आणि बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत खेळ उघडून बसले. मी ऑफिसला निघायची तयारी करत होते.

"चाळीस नंबर झाला की गं शेवटी," ते म्हणाले. "मला सांगितलं नाहीस."

"कुठे झालाय? राखाडी दिसत असेल."

न मिळालेली घरं गल्लीत सपाट राखाडी दिसतात, नुसती बाह्याकृती. बाबांची चार घरं अजून मिळायची होती. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि बोटाने एकेक दाखवलं. "हे राखाडी. हे राखाडी. हेही. आणि हे..." चाळीसवर बोट थांबलं. "याला रंग आहे."

मी वाकून पाहिलं. चार राखाडी घरं, एकसारखी.

"कुठला रंग?"

आयुष्यभर रंगांची नावं घेतलेला माणूस, पण शब्द सापडत नव्हता. मग त्यांनी फोन उपडा करून मांडीवर ठेवला. "तुझी बस जाईल," म्हणाले.

३

डोळ्याच्या डॉक्टरबाई हसल्या. "जुनं भिंग पिवळट झालेलं असतं. ते काढलं की निळं जास्त निळं दिसतं, पांढरं लख्ख दिसतं. एक आजोबा तर घरी जाऊन बायकोवर रागावले, मला न विचारता भिंती का रंगवल्या म्हणून." बाबाही हसले. मलाही हायसं वाटलं, कारण हे पटण्यासारखं होतं.

पण मनात एक खडा राहिलाच. आमच्या खेळात राखाडी घराचं चित्र एकच आहे. तेच एक चित्र, जिथे घर मिळालेलं नाही तिथे तिथे दिसतं. चाळीसचं वेगळं असं काही नाहीच. मी फाइल उघडून खात्री केली. तांबडा, हिरवा, निळा, तिन्हींचे आकडे सारखे. यापेक्षा राखाडी काही असू शकत नाही.

मग मी एक लबाडी केली. बाबांना न सांगता चाळिसावं घर गल्लीच्या टोकावरून उचललं आणि दुसऱ्या ओळीत, एका न मिळालेल्या घराच्या शेजारी ठेवलं. संध्याकाळी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, तो रंग अजून दिसतो का?"

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "या डोळ्याने सगळी राखाडी." मग तळवा डाव्या डोळ्यावर नेला, गल्लीवरून बोट फिरवत गेले आणि दुसऱ्या ओळीत नेमकं थांबले. "इथे आणलंस होय."

मला आठवतं, त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती. खरं सांगायचं तर हाव सुटली. माझ्याकडे एक रंग होता जो फक्त एका माणसाला दिसत होता, आणि ज्याच्यावरून त्या माणसाचं बोट निघत नव्हतं.

४

रविवारी सकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बाबांना शेजारी बसवलं. "तुम्ही सांगा, मी मिसळते."

"कशाला तो?" बाबा म्हणाले. "दुसरे रंग संपले का?"

"बाबा, तीन वेळा परत आलंय. या आठवड्यात दिलं नाही तर ते काम माझ्याकडून जाईल."

ते थोडा वेळ टेबलावरची न दिसणारी धूळ झटकत राहिले. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला, आणि त्यांचा आवाज बदलला. लहानपणी शिडीखाली उभी राहून मी ऐकायचे, तो कामावरचा आवाज. "दुधापासून सुरू कर. हं. पिवळा मार थोडा. हात आवर. आता हिरवा, अगदी सुईच्या टोकाएवढा. काळा नको, काळ्याने मरतो. हिरवा दाबायला तांबडा टाक. अजून. अजून एक बिंदू." मध्येच ते फोनमधल्या घराकडे बघायचे, मग माझ्या पडद्याकडे. पाऊण तास गेला. त्यांनी डोळ्यावरचा हात काढला आणि उठून खिडकी उघडली, तेव्हा मला कळलं, झालाय.

तो रंग कसा होता ते मला सांगता येत नाही. साय म्हणावी तर तिच्याखाली काहीतरी हिरवट होतं, आणि त्याच्याही मागे जांभळट काही होतं. वाईट नव्हता. फक्त त्याच्यावर नजर ठरत नव्हती, तेलावरून पाऊल सरकावं तशी ती सरकत होती. मी नेहमीप्रमाणे चार छटा काढल्या आणि घरावर चढवल्या. चारही छटांचे आकडे वेगवेगळे होते, मी दोनदा तपासले. पण घर एकाच रंगाचं दिसत होतं. छप्पर कुठे संपतं, भिंत कुठे सुरू होते, कळेना. खिडक्या नव्हत्या. दार नव्हतं.

सोमवारी ऑफिसात मोठ्या पडद्यावर ते लावलं. खोलीत आठ माणसं होती आणि सगळी खुर्च्या पुढे ओढून बसली. थोरल्या बाई पुढे गेल्या आणि त्यांनी चक्क पडद्याला हात लावला.

"दार कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथेच. रंगामुळे दिसत नाही."

"राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांचा हात अजून पडद्यावरच होता. "असंच राहू दे."

५

मोसम सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी टक्के माझ्या टेबलाशी आला. कुठलं घर किती जणांना मिळावं ते हा ठरवतो, म्हणून त्याचं नाव टक्के. एरवी त्याच्याकडे दर वाक्याला एक विनोद असतो. त्या दिवशी एकही नव्हता.

"चाळीस नंबर आत्तापर्यंत बारा जणांना मिळायला हवं होतं," तो म्हणाला. "नऊशेंना मिळालंय."

"आकडा चुकला असेल तुझा."

"माझ्या आकड्याला कुणी हातही लावलेला नाही. मला वाटलं तुला काही माहीत असेल."

मला काय माहीत असणार? मी फक्त रंग देते. पण दुपारी मी तक्रारींच्या विभागात गेले. तिथल्या बाई रोज शेकडो पत्रं वाचतात, त्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. त्यांनी चाळीस नंबरची पत्रं वेगळी काढून ठेवली होती. बहुतेक एका ओळीची होती. 'घर मिळालं, आवाज कसा बंद करायचा?' 'फोन बंद केला तरी आवाज येतो.' एकीने लिहिलं होतं, 'माझी लेक विचारते, तो माणूस काय शोधतो आहे?'

"या घराला आवाज दिलाय का आपण?" बाईंनी विचारलं.

नव्हता दिला. घर मिळालं की एक घंटी वाजते, बस.

घरी आले तर बाबा व्हरांड्यात नव्हते. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर ताठ बसले होते. फोन कपाटावर होता, उपडा, त्यावर एक जाड पुस्तक आणि पुस्तकावर उशी. मी काही विचारायच्या आत त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

आधी मला फक्त पंखा ऐकू आला. मग पंख्याच्या खालून दुसरं काहीतरी. कोरड्या भिंतीवरून तळवा फिरवावा तसा आवाज. सरकत जाणारा, मधेच थांबणारा, थोपटून बघणारा, पुन्हा सरकणारा. शेजाऱ्यांकडे काही काम चालू असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भिंतीला कान लावला. भिंत मुकी होती. मग मी उशी आणि पुस्तक बाजूला केलं आणि फोन कानाशी धरला. फोन बंद होता. बाबांनी तो सकाळीच बंद केला होता.

"हा आवाज तुम्हाला ओळखीचा आहे," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली.

६

"तुझा जन्म व्हायचा होता," ते म्हणाले. "मी आणि माझा जोडीदार. त्याला सगळे लांब्या म्हणायचे. आम्ही दोघं मिळून कामं घ्यायचो. एका बाईने बोलावलं. घर मोठं, पण तिला एकच खोली रंगवून हवी होती, मागची. रंग तिने सांगितला आणि आम्ही अकरा दिवस मिसळत बसलो. रोज यायची, बघायची, मान हलवायची. बाराव्या दिवशी म्हणाली, हाच. तुझ्या चाळीस नंबरचा."

"आणि?"

"तिला सगळ्याला तोच रंग हवा होता. भिंती, छत, फरशी. दाराला, चौकटीला, कडीला. खिडकीच्या काचांनासुद्धा. आम्ही हसलो, म्हटलं असेल एकेकाची आवड. शेवटचा हात मारेपर्यंत दुपार झाली. ब्रश खाली ठेवले, वळलो, तर दार सापडेना."

मी स्टूल ओढून समोर बसले.

"कोपराच दिसत नव्हता गं. भिंत कुठे आहे आणि किती लांब आहे तेच कळत नव्हतं. काचा रंगवलेल्या, मग उजेड कुठून येत होता, हे तेव्हा सुचलं नाही. दोघं हात लावून चाचपडायला लागलो. तो एका बाजूने, मी दुसऱ्या. अंगाला रंग माखला आणि मग तोही मला दिसेना. फक्त त्याच्या हातांचा आवाज. आधी मला वाटलं, खोलीत आवाज घुमतोय. मग मी थांबलो. त्याला म्हटलं, तूही थांब जरा. तो थांबला." बाबांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "आवाज थांबला नाही."

पंखा फिरत होता. कपाटावर फोन पडून होता.

"मी जिवाच्या आकांताने भिंतीवर आपटत गेलो आणि एका ठिकाणी भिंत मागे गेली. बाहेर पडलो. वळून पाहिलं तर मागे सरळ भिंत. आतून लांब्या हाका मारत होता, दार कुठंय, दार कुठंय. मला ठाऊक होतं कुठंय. मी त्याच्या समोरच उभा होतो. एक थाप मारली असती तरी त्याला अंदाज आला असता." त्यांनी तळवे मांडीला पुसले. "पण थाप मारली की दुसऱ्यालाही कळलं असतं, दार कुठे आहे ते."

"मग?"

"मग मी घरी आलो. सगळ्यांना सांगितलं, लांब्या काम सोडून गावी गेला. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं."

ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या घरातला खिळाही उचलला नाही, तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. चाळीस वर्षं हे एकट्याने वागवलं होतं त्याने. मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला आणि घेववला नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

७

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. घरूनच काम करते असं कळवलं आणि सकाळी नऊ वाजता लॅपटॉप उघडला. रंगांची फाइल आमच्याकडून थेट सगळ्या फोनांवर जाते, पाच मिनिटांचं काम. चाळीस नंबरला कुठलातरी सोनेरी द्यायचा आणि मोकळं व्हायचं. थोरल्या बाईंना नंतर काहीही सांगता आलं असतं.

बदलण्याआधी एकदा ते घर मोठं करून पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

भिंतीवर काहीतरी हलत होतं. भिंतीवर नाही, भिंतीच्या मागून. कापडाच्या पडद्यामागून कुणी हात फिरवावा तसा एक उंचवटा, तळव्याएवढा, डावीकडून उजवीकडे सरकत होता. आमची घरं हलत नाहीत. ते एक सपाट चित्र आहे, मी स्वतः काढलेलं, त्यामुळे दार कुठे आहे ते मला ठिपक्यापर्यंत ठाऊक आहे. उंचवटा दारापाशी आला. दारावरून गेला. "तिथेच," मी पुटपुटले, "अरे, तिथेच..." तो पुढे सरकला. भिंतीच्या टोकाला पोचला, थांबला, आणि परत निघाला.

मी सोनेरी रंग निवडला आणि बोट बटणावर नेलं.

माझ्या मनगटावर बाबांचा हात पडला. ते कधी मागे येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही.

"हे केलंस की काय होईल?"

"घर सोनेरी होईल. तो रंग जाईल."

"आणि आतला?"

"माहीत नाही." मी खरं तेच सांगितलं.

"मग पुन्हा नको," बाबा म्हणाले. "मी एकदा निघून आलोय. दार दे त्याला."

"बाबा, तुम्हीच म्हणालात, आत एकटा तोच नव्हता."

"म्हणालो."

"मग?"

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. शर्टाची बटणं नीट लावलेली होती, केस विंचरलेले. माणूस बाहेर जायला निघतो तसे. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि सोनेरी रंग सोडून दिला.

"कुठला देऊ?"

"लांबून दिसेल असा," बाबा म्हणाले. "तांबडा दे."

मी फक्त दाराची चौकट घेतली आणि त्यात लाल भरला. माझ्या कामात इतका भडक रंग मी कधी वापरला नव्हता. सायीच्या त्या पसाऱ्यात तेवढं एकच दार उभं राहिलं. उंचवटा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो थांबला. मी बटण दाबलं.

८

फाइल गेली. बाबांनी आपला फोन सुरू केला आणि आम्ही दोघं त्याच्यावर वाकून बसलो. गल्लीच्या टोकाला ते घर, मोसमाच्या सुरुवातीलाच त्यांनाही मिळालेलं, आणि त्याला लाल दार. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मी चहा टाकायला उठले, चहाचं भांडं हातात घेतलं, आणि बाबा म्हणाले, "उघडलं."

परत येऊन पाहिलं. दार उघडं होतं, आत अंधार. उघड्या दाराचं चित्र मी कधी काढलेलंच नाही. आमच्याकडे कुणीच काढलेलं नाही. घर मात्र आता साधं दिसत होतं, छप्पर वेगळं, भिंत वेगळी, खिडक्या जागच्या जागी. तळव्याचा आवाज थांबला होता. कालपासून पहिल्यांदाच खोली शांत झाली आणि मला रडू यायला लागलं. झालं, सुटला बिचारा, असं काहीसं मी बोलले.

तेव्हाच बाहेरच्या जिन्यातून तो आवाज आला.

खालच्या मजल्यावरून वर येत होता, भिंत चाचपत, पायरीपायरीने. पावलांचा आवाज नव्हता. आमच्या मजल्यावर आला. शेजाऱ्यांच्या दाराशी थांबला, थोपटून पाहिलं, पुढे सरकला. मग आमच्या दाराच्या लाकडावर तळवा टेकल्याचा मऊ आवाज झाला.

"बाबा, उघडू नका."

पण ते उठून निघालेही होते. इतक्या लगबगीने चालताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. सकाळचे साडेदहा वाजले होते, जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. समोर जिन्याची नेहमीची पिवळी भिंत, तिच्यावर विजेच्या मीटरची पेटी. एवढंच दिसलं. मग मीटरच्या पेटीचा अर्धा भाग मला दिसत नाही, हे लक्षात आलं. भिंतीचा एक तुकडा भिंतीच्या पुढे उभा होता. अगदी तिच्याच रंगाचा, तिच्यासारख्याच पोपड्यांचा. बाबांच्या छातीएवढा उंच. आणि तो श्वास घेतल्यासारखा हलला.

बाबांनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, काढला. डाव्यावर ठेवला. मग न वळता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा तो नाही."

आणि पुढे म्हणाले, "तू आत जा. आतलं दार लाव."

मी गेले. मी जायला नको होतं, पण गेले आणि दार लावलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर बाबा बोलत होते. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. रस्ता विचारायला आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा, नम्र. मग तळवा भिंतीवर घासत जिन्याने खाली गेला. खालच्या मजल्यावर थांबला. थोपटलं. पुढे गेला.

मी बाहेर आले तेव्हा बाबा उंबऱ्यात उभे होते, धडधाकट. फक्त घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय हवं होतं त्याला?"

"विचारत होता, आत येऊ का," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, जागा नाही."

टेबलावर माझा फोन वाजत होता. टक्केचा होता. मी उचलला. "ते लाल दार तू केलंस?" त्याने विचारलं. "सगळीकडे उघडलंय. ज्याच्या ज्याच्याकडे ते घर होतं, सगळ्यांचं. माझ्या आईच्या फोनवरही. ती म्हणते, दाराशी कुणीतरी आलंय, उघडू का?"

"उघडू नको म्हणावं!" मी ओरडले. "त्यांना सांग, उघडू नका!"

फोन बंद झाला. मी परत लावला. उचलला नाही.

"किती घरं होती?" मागून बाबांनी विचारलं.

कालच्या नऊशेंचा आकडा संध्याकाळपर्यंत कुठवर गेला होता ते मला माहीत होतं. "अकरा हजार."

मला वाटलं ते खाली बसतील. त्यांनी उंबऱ्याशी वाकून चपला सरळ केल्या, एकेक करून पायात सरकवल्या आणि भिंतीला धरून उभे राहिले. चेहऱ्यावर जे होतं ते मला आधी ओळखूच आलं नाही, कारण आई गेल्यापासून मी ते तिथे पाहिलं नव्हतं.

"मग एखाद्या दारातून लांब्याही आला असेल," बाबा म्हणाले. "त्या सगळ्यांचे पत्ते असतील ना गं तुमच्याकडे?"